शरीराची राखण : आपली रोगप्रतिकारशक्ती कशी चालते, कोठे चुकते

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी पेशाने जनावरांचा डॉक्टर. पावसाळ्याच्या तोंडावर लसीकरणासाठी गावात गेलो की पाच-सहा जनावरे दाव्याला धरून शेतकरी सकाळीच हजर असतात. 'घटसर्पाची झाली, फऱ्याची राहिली', 'लाळ्या-खुरकुताची मागच्या खेपेला चुकली' असा सगळा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. त्याच शेतकऱ्याला मी विचारतो, 'आणि तुम्ही स्वतः धनुर्वाताची सुई शेवटची केव्हा घेतली?' तेव्हा तो बायकोकडे पाहतो, बायको त्याच्याकडे पाहते आणि दोघेही हसतात.

आज मी गोठ्याविषयी बोलणार नाही, गोठा सांभाळणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. आपल्या शरीरात रोगापासून राखण करणारी एक व्यवस्था आहे. ती कशी चालते आणि कोठे चुकते, हे आपण समजून घेऊ. हा विषय शाळेच्या पुस्तकापुरता नाही. कुत्रा चावल्यावर नुसती लस पुरते की आणखी काही लागते, जखमेवर शेण लावावे की नाही, गाजर गवताने अंग खाजते तेव्हा कोणत्या गोळीपासून सावध राहावे, या प्रश्नांची उत्तरे या राखणीच्या कामात आहेत. यातील काही उत्तरे चुकली तर माणूस हातचा जातो.

कुंपण आणि पहिले राखणदार

शेताला जसे कुंपण, तशी आपल्याला कातडी. धडधाकट कातडीतून बहुतेक रोगजंतूंना आत शिरता येत नाही. जेथे कातडी नाही तेथे दुसरी सोय आहे. नाकातला शेंबूड धूळ आणि जंतू धरून ठेवतो, अश्रू व लाळ यांत जंतू मारणारी द्रव्ये असतात आणि अन्नाबरोबर गेलेले पुष्कळसे जंतू जठरातील आम्लाने मरतात.

परंतु शेतकऱ्याच्या कुंपणाला रोज भगदाड पडते. बाभळीचा काटा मोडतो, विळा लागतो, उसाचे पाचट कापते. काटा मोडला की काही तासांत ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. आपण म्हणतो, 'काटा चिघळला'. प्रत्यक्षात तेथे राखणदार पोचलेले असतात. रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंना वेढतात आणि गिळून टाकतात. जखमेतून येणारा पू म्हणजे बहुतांशी या कामी आलेल्या पांढऱ्या पेशीच होत. रक्ततपासणीच्या कागदावर 'पांढऱ्या पेशी' असा आकडा असतो. निरोगी प्रौढ माणसात तो एका घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० असतो आणि जंतूंची लागण झाली की बहुधा वाढतो.

हे काम प्रथम ओळखले तेही काट्यामुळेच. १८८२ साली इटलीतील मेसिना या गावी मेचनिकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने ताराम्याशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटे टोचले. काही तासांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या होत्या. या संशोधनाबद्दल त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पायात काटा चिघळला की जांघेत अवधाण येते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का? तर शरीरात जागोजागी लसिका गाठी आहेत. जांघेत, काखेत, मानेत त्या हाताला लागतात. पायाकडून येणारा द्रव जांघेतल्या गाठीत गाळला जातो, तेथे आलेल्या जंतूंची तपासणी होते आणि पुढची फळी तयार होते. अवधाण म्हणजे चौकीवर जमलेली गर्दी होय.

ओळख आणि आठवण

जंतू गिळणाऱ्या पेशी आल्या-गेल्याची फार चौकशी करीत नाहीत. परका दिसला की धर, एवढेच त्यांचे काम. दुसरी फळी मात्र चेहरा ओळखणारी आहे. या फळीतील पेशी दोन जातींच्या असतात. त्यांना 'बी' पेशी आणि 'टी' पेशी म्हणतात.

बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. डॉक्टर मंडळी त्यांना अँटीबॉडी म्हणतात. प्रतिपिंड म्हणजे कुलपाला बसणारी किल्ली समजा. प्रत्येक बी पेशीजवळ एकाच घडणीची किल्ली असते. शरीरात अशा लक्षावधी निरनिराळ्या घडणीच्या पेशी आधीपासूनच तयार असतात. जंतू आला की ज्या पेशीची किल्ली त्याला बसते, तिचीच वाढ होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी फौज उभी राहते. या कामाला पहिल्या वेळी साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात आपण आजारी पडतो. रोग हटल्यावर फौज घरी जाते, परंतु काही पेशी आठवण धरून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर काही दिवसांतच, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, प्रतिपिंडे तयार होतात. म्हणूनच गोवर आयुष्यात सहसा एकदाच येतो.

ही आठवण किती टिकते? उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली. त्यानंतर तेथे गोवर आला तो थेट १८४६ साली. पानुम या डॅनिश डॉक्टराने तपास केला, तेव्हा १७८१ ची साथ भोगलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाही दुसऱ्यांदा गोवर झाला नव्हता. मध्ये पासष्ट वर्षे गेली होती.

आठवण पक्की असली तरी ती त्या एका चेहऱ्याचीच असते, हे ध्यानात ठेवा. आपल्या भाषेत 'घटसर्प' हे नाव दोन रोगांना आहे. गाई-म्हशींच्या गळ्याला सूज आणून मारणारा एक, आणि लहान मुलांच्या घशात पडदा धरणारा दुसरा. नाव एक असले तरी जंतू वेगवेगळे आहेत. म्हणून जनावराची लस मुलाच्या कामाची नाही आणि मुलाची जनावराच्या कामाची नाही. रोगप्रतिकारशक्ती ही पैलवानाच्या ताकदीसारखी सर्वत्र चालणारी शक्ती नाही, ती ओळखीची शक्ती आहे. आजच्या बोलण्यातले एवढेच एक वाक्य घरी नेले तरी पुरे.

आता टी पेशी. विषाणू हे शरीराच्या पेशीत घुसून बसतात. तेथे प्रतिपिंडे पोचत नाहीत. अशी बिघडलेली पेशी ओळखून ती विषाणूसकट नष्ट करण्याचे काम काही टी पेशी करतात. दुसऱ्या काही मदतनीस टी पेशी असतात. त्या बाकीच्या फौजेला कामाला लावतात.

टी पेशींचे शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होते. आपण बीजोत्पादनाच्या प्लॉटमधून भेसळीची झाडे फुलोऱ्याआधी उपटून टाकतो. तसेच तेथे, ज्या पेशी आपल्याच शरीरावर चालून जाण्याची शक्यता असते, त्या बहुतांशी काढून टाकल्या जातात. 'बहुतांशी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. काही भेसळ राहून जाते. तिचे काय होते ते पुढे सांगतो.

लस : गोठ्यातून आलेला शोध

आजारी न पडता आठवण करून देता आली तर? ही युक्ती गोठ्यातून आली आहे. इंग्लंडात गाईंच्या आचळांवर देवीसारखे फोड येत आणि ते धार काढणाऱ्या बायकांच्या हातालाही होत. त्या बायकांना पुढे देवीचा रोग होत नाही, असा लोकांचा अनुभव होता. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या डॉक्टराने अशा एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचूनही देवी आल्या नाहीत. लसीला इंग्रजीत व्हॅक्सिन म्हणतात तो शब्द लॅटिनमधील गाय या शब्दावरून आला आहे.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

लस म्हणजे चोराचे चित्र चौकीवर आधीच लावून ठेवणे. चित्र मेलेल्या जंतूचे असेल, दुबळ्या केलेल्या जंतूचे असेल किंवा जंतूच्या एखाद्या तुकड्याचे असेल. या एका युक्तीने माणसाची देवी जगातून गेल्याचे १९८० मध्ये आणि गुरांची बुळकांडी गेल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. ज्यांनी बुळकांडीत गोठे ओस पडलेले पाहिले आहेत, त्यांना याचे मोल निराळे सांगायला नको.

स्वतःची आणि उसनी प्रतिकारशक्ती

लसीने स्वतःची प्रतिपिंडे तयार होतात. ती टिकतात, परंतु तयार होण्यास वेळ लागतो. वेळ नसेल तेव्हा दुसऱ्याने तयार केलेली प्रतिपिंडे उसनी घ्यावी लागतात. ती लगेच कामाला लागतात, पण काही आठवड्यांत संपतात आणि मागे आठवण ठेवीत नाहीत. घरची विहीर आणि टँकरचे पाणी, असा हा फरक आहे.

पहिले उसने आईकडून मिळते. गाईच्या वारेतून वासराला प्रतिपिंडे जात नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती सुमारे पहिला एक दिवसच शोषून घेते. म्हणून वासराला पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजा, असे आम्ही सतत सांगतो. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडे वारेतून पोटातच मिळतात, आणि आतड्याचे व घशाचे रक्षण करणारी प्रतिपिंडे आईच्या पहिल्या पिवळसर दुधातून मिळतात. वासराला चीक पाजणाऱ्या काही घरांत सुनेचे पहिले दूध 'जड' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात. असे करू नये. बाळाला जन्मल्यावर एका तासाच्या आत अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये.

उसन्याची दुसरी रीत १८९० साली जर्मनीत बेरिंग आणि कितासातो यांनी दाखविली. धनुर्वाताविरुद्ध तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तातील द्रव दुसऱ्या प्राण्याला टोचला, तर तोही वाचतो, असे त्यांना आढळले. आता शेतकऱ्याच्या नित्याच्या तीन संकटांना हा हिशेब लावून पाहू.

धनुर्वात. याचे जंतू मातीत आणि शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे राहतात. खोल, माती भरलेल्या जखमेत ते वाढतात आणि विष सोडतात. हे विष इतके तीव्र आहे की, माणसाला मारण्यास पुरेसा अंशही राखणदारांना ओळख पटण्यास पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही त्याची प्रतिकारशक्ती येत नाही, त्यालाही लस घ्यावीच लागते. ज्या मोठ्या माणसांना लस घेतल्याचे आठवत नाही त्यांनी एक मात्रा आता, दुसरी चार आठवड्यांनी व तिसरी त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी घ्यावी आणि पुढे दर दहा वर्षांनी एक. आता बहुतेक ठिकाणी धनुर्वात व मुलांचा घटसर्प यांची जोडलस मिळते. जखम खोल व मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे झाली असतील तर पुन्हा एक घ्यावी. लस कधीच झालेली नसेल तर डॉक्टर लसीबरोबर उसनी प्रतिपिंडेही देतात. जखमेवर शेण, माती किंवा तंबाखू लावू नये. बाळाच्या नाळेवर तर मुळीच नाही. गरोदर बाईने लस घेतली की तिची प्रतिपिंडे बाळाला मिळतात. मुख्यतः यामुळे आणि बाळंतपणातील स्वच्छतेमुळे आपल्या देशातील नवजात बाळांचा धनुर्वात इतका कमी झाला की, २०१५ मध्ये तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचे मान्य झाले. तो पुन्हा येऊ न देणे आपल्या हाती आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. लसीने प्रतिपिंडे येण्यास सुमारे एक ते दोन आठवडे लागतात. ही शर्यत आहे, आणि लस वेळेवर घेतली तर आपण ती जिंकतो. एकदा लक्षणे दिसली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून चावा बसताच जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चाव्यातून रक्त आले असेल तर लस तयार होईपर्यंतचे दिवस भरून काढण्यासाठी जखमेत व जखमेभोवती उसन्या प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागते. 'लस घेतली, आता दुसरी सुई कशाला', असे म्हणून ते टाळू नये. लसीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी पुऱ्या कराव्यात. पोटातल्या चौदा सुयांची भीती आता बाळगू नका. ती जुनी लस आपल्या देशात २००४ नंतर बनत नाही. आताची लस दंडात किंवा कातडीत देतात.

येथे जनावरांचा डॉक्टर म्हणून एक सांगतो. गाय-म्हैस एकाएकी गिळेनाशी झाली, लाळ गाळू लागली, विचित्र हंबरू लागली, तर घशात काही अडकले असे समजून उघड्या हाताने तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो.

सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना थोडे थोडे वाढवत टोचतात. घोड्याच्या रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात तीच प्रतिविष म्हणून आपल्याला मिळतात. हाफकिन संस्थेतही हे काम अनेक वर्षे झाले आहे. विष तासाभरात काम करते, स्वतःची प्रतिपिंडे तयार होण्यास आठवडा लागतो, म्हणून येथे उसन्यावाचून गत्यंतर नाही. एकदा साप चावून वाचलेल्याला पुन्हा विष बाधत नाही, हा समज खोटा आहे. मंत्र, जडीबुटी, कापून रक्त काढणे, दोरीने करकचून बांधणे यांत वेळ घालवू नये. हात किंवा पाय न हलवता माणसाला सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. घोड्याचे रक्तद्रव्य परके असल्याने काहींना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. ती आवरण्याची औषधे दवाखान्यात हाताशी असतात. म्हणून प्रतिविष घरी किंवा शेतावर टोचून घेऊ नये.

राखण कमी पडते तेव्हा

आता चुकते कोठे ते पाहू. पहिली चूक, राखण दुबळी होणे. मुलाला पोटभर व सकस अन्न मिळाले नाही की प्रतिपिंडांसाठी लागणारी प्रथिनेच कमी पडतात, आणि साधा गोवर किंवा हगवण जिवावर बेतते. मधुमेह आटोक्यात नसला की जखमा चिघळतात. एचआयव्हीचा विषाणू तर मदतनीस टी पेशींनाच मारतो. हुकूम देणारा गेला की फौज असून नसल्यासारखी होते. मात्र आता रोज घेण्याच्या गोळ्यांनी हा विषाणू दाबून ठेवता येतो. सरकारी केंद्रांत ही औषधे २००४ पासून मोफत मिळतात, आणि ती नियमित घेणारा माणूस शेतीसंसार नीट सांभाळू शकतो.

क्षयाचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांना क्षय कधीच होत नाही, कारण पांढऱ्या पेशी जंतूंभोवती गराडा घालून त्यांना आत कोंडतात. जंतू मरत नाहीत, झोपून राहतात. राखणदार थकले की ते उठतात. हे मी माझ्या घरात पाहिले आहे, ते आता सांगतो.

नको त्यावर चढाई

दुसरी चूक याच्या उलट आहे. राखणदार निरुपद्रवी वस्तूला चोर समजतात. यालाच ॲलर्जी म्हणतात. आपल्याकडे याचे ठळक उदाहरण गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत. मूळ अमेरिका खंडातले हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास ठळकपणे नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे त्याचा स्पर्श होता होता काही माणसांच्या टी पेशी ते द्रव्य 'शत्रू' म्हणून आठवणीत ठेवतात. त्यानंतर स्पर्श झाला की एक-दोन दिवसांनी कातडीवर सूज, खाज व पाणी सुटते. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने उडून पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खोबणीत बसते, म्हणून पहिला त्रास तेथेच होतो. जी आठवण गोवरापासून आपल्याला जन्मभर वाचवते, तीच येथे जन्मभर छळते.

माझे थोरले बंधू शेती करीत. पंचेचाळिशीत त्यांना हा त्रास सुरू झाला. तालुक्याच्या बाजारात एकाने पुड्या बांधून दिल्या. दोन दिवसांत खाज गेली, भूक लागली, अंगावर तेज आले. मग तीन वर्षे त्या पुड्या चालू होत्या. मी जनावरांचा डॉक्टर आणि सख्खा भाऊ, पण पुडीत काय आहे हे मीही विचारले नाही. चेहरा गोल झाला, रक्तात साखर वाढली आणि एका हिवाळ्यात खोकला जाईना. तपासणीत क्षय निघाला. पुड्यांत स्टिरॉइड होते.

स्टिरॉइड हे औषध वाईट नाही. तज्ज्ञ डॉक्टर ते योग्य वेळी मोजून देतात तेव्हा प्राण वाचतात. परंतु ते खाज थांबवते ते राखणदारांना झोपवून. नको ती चढाई थांबते, तशीच हवी ती राखणही थांबते. बंधूंच्या अंगात कधीतरी शिरून कोंडलेला क्षय त्यामुळे उठला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. सहा महिन्यांच्या उपचाराने ते बरे झाले, पण गमावलेली तीन वर्षे आणि विकलेला अर्धा एकर परत आला नाही. म्हणून नाव नसलेली पुडी किंवा 'एका सुईत आराम' देणारे इंजेक्शन घेऊ नका. ज्यांचे स्टिरॉइड बरेच दिवस चालू आहे त्यांनी ते एकदम बंदही करू नये, त्यानेही धोका होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू कमी करावे.

गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी ओले असतानाच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावे. झायगोग्रामा हा मेक्सिकोतून आणलेला भुंगा ते खातो, पावसाळ्यात तो शेताच्या बांधांवर सोडता येतो. ज्याला त्रास सुरू झाला आहे त्याने मात्र ते उपटण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

याच चुकीचे आणखी दोन प्रकार माहीत असू द्या. बुरशी लागलेला कडबा किंवा भुसा उपसल्यावर चार ते आठ तासांनी थंडी-ताप, कोरडा खोकला व दम लागत असेल, तर तो नुसता फ्ल्यू नसून बुरशीच्या धुळीची फुप्फुसातील प्रतिक्रिया असू शकते. वारंवार झाल्यास फुप्फुस कायमचे निकामी होते. चारा वाळवूनच रचावा आणि उपसताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. दुसरे असे की, मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, चक्कर आली, तर तो माणूस तातडीने दवाखान्यात न्यावा. एकदा असे झालेल्याला पुढचा दंश अधिक धोक्याचा ठरू शकतो.

स्वतःवरच चढाई

तिसरी चूक, मघाशी म्हटलेली भेसळ. राहून गेलेल्या पेशी आपल्याच अवयवावर चालून जातात. लहान मुलांत होणाऱ्या मधुमेहात त्या स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात. मूल खूप पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, खाऊनही वाळत जाते. अशा मुलाला इन्सुलिन जन्मभर लागते. कोणाच्या सांगण्यावरून ते थांबवले तर थोड्या दिवसांत मूल दगावू शकते. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडणारा एक संधिवातही याच जातीचा. तो लवकर दाखवला तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात.

कधी कधी गोंधळ साम्यामुळे होतो. भातासारखे दिसणारे तण उपटताना नवख्याच्या हातून भातच उपटला जातो ना, तसेच. घसा दुखवणाऱ्या एका जंतूची ठेवण हृदयाच्या झडपांशी मिळतीजुळती असते. त्या जंतूवर सोडलेला मारा झडपांवर जातो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून गेला आणि दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एकामागून एक मोठे सांधे सुजू लागले, तर 'वाढीचे दुखणे' म्हणून सोडू नका. वेळेवर निदान झाले आणि पेनिसिलीनची इंजेक्शने दर तीन-चार आठवड्यांनी नियमाने घेतली, तर हृदय वाचवता येते.

शेवटी थोडेसे

बाजारात 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून बाटल्या विकल्या जातात. आपण आज पाहिले की राखण दुबळी असून चालत नाही, तशी ती भलत्या ठिकाणी भडकूनही चालत नाही. तिला लागते ती योग्य ओळख, आणि ती बाटलीत मिळत नाही. ती लसीने मिळते. बाकी राखणदारांना पोटभर अन्न, डाळ-दूध-भाजी, झोप, स्वच्छ पाणी लागते, आणि बिडी-तंबाखू व दारूपासून सुटका लागते. एवढे दिले की ते आपले काम जाणतात.

आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. घरातील प्रत्येकाची धनुर्वाताची शेवटची मात्रा केव्हा झाली ते जनावरांच्या लसीच्या वहीतच पहिल्या पानावर लिहा. मुलांची लसीची कार्डे काढून राहिलेल्या मात्रा पाहा. आणि कुत्र्याची लस व सापाचे प्रतिविष जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळते, रात्री मिळते की नाही, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. साप चावल्यावर विचारायला वेळ नसतो.

पुढच्या पावसाळ्याआधी मी लसीकरणाला येईन, तेव्हा जनावरांच्या आधी तुमचे पान पाहीन.